जपानी येत नाही, तरी शिकारीला निघा

जपानहून गेम मागवायचा म्हटले की जो तो आधी भाषेचे विचारतो. भाषेकडे येऊच, पण तो गेम आपल्या यंत्रात चालणार का, हे त्याआधी बघायला हवे. सोनीच्या पीएसपीवर गेमना देशाचे कुलूप नाही. भारतात घेतलेला पीएसपी असो की काकांनी दुबईहून आणलेला, जपानी डिस्क त्यात मुकाट्याने चालते. कुलूप आहे ते त्याच आकाराच्या डिस्कवर निघालेल्या चित्रपटांना. निन्टेन्डोच्या डीएसचे जुने गेमही असेच कुठेही चालतात, थ्रीडीएसचे मात्र नाही. तिथे जपानी गेमला जपानी यंत्रच लागते. स्विचला कुलूप नाही, आणि पुष्कळदा जपानी डबीत इंग्रजीही भरलेली असते. डबीच्या पाठीवर भाषांची यादी छापलेली असते, ती वाचून मगच पैसे भरा.

या लेखात मी पीएसपी आणि एकच गेम धरून चालणार आहे : कॅपकॉमचा ‘मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड’. 1 डिसेंबर 2010 रोजी जपानमध्ये आला, चाळीस लाखांहून जास्त खपला आणि पीएसपीवर त्याची इंग्रजी आवृत्ती अधिकृतपणे कधीच निघाली नाही. आयात करून खेळण्यासाठी याच्याइतका सोयीचा गेम दुसरा मला माहीत नाही. कथा नावापुरती. युकुमो नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव, जंगलात माजलेले अजस्र प्राणी आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी आलेले तुम्ही. गावकरी तोंडाने जे बोलतात ती जपानीही नाही, गेमवाल्यांनीच रचलेली बोली आहे. म्हणजे कानाने काही निसटत नाही. उलट ‘फायनल फँटसी टाइप-झीरो’ घ्या. 2011 मध्ये पीएसपीवर दोन डिस्कवर आला, मारामारी झकास, पण जीव सगळा कथेत. संवाद कळले नाहीत तर निम्मा गेम वाया. त्याची इंग्रजी आवृत्ती 2015 मध्ये मोठ्या कन्सोलवर निघाली. ती खेळा आणि मोकळे व्हा. जपानी न येणाऱ्याने गेम निवडताना हाताला किती काम आहे आणि डोळ्याला किती वाचन आहे, एवढेच तोलावे.

खरेदीबद्दल थोडे. डबीच्या कण्यावर एक सांकेतिक क्रमांक असतो. पीएसपीच्या जपानी गेमचा क्रमांक ‘यूएलजेएम’ किंवा ‘यूएलजेएस’ने बहुधा सुरू होतो, अमेरिकेतल्यांचा ‘यूएलयूएस’ने, युरोपातल्यांचा ‘यूएलईएस’ने. जाहिरातीतल्या फोटोत हा क्रमांक दिसत नसेल तर विक्रेत्याकडून कण्याचा फोटो मागवून घ्या. ‘द बेस्ट’ असा शिक्का असलेली डबी ही नंतर स्वस्तात काढलेली आवृत्ती, गेम तोच. पीएसपीची डिस्क प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली असते आणि जुन्या डिस्कचे कवच कडेच्या सांध्यावर उकलते. हा दोष फोटोत लपतो, म्हणून मागची आणि पुढची अशा दोन्ही बाजू बघायला मागा. नवी डिस्क घातल्यावर यंत्र स्वतःची प्रणाली अद्ययावत करायला सांगू शकते. त्यासाठी लागणारी फाइल डिस्कवरच असते; चार्जर लावा आणि होऊ द्या. पीएसपीची शेवटची अधिकृत आवृत्ती 6.61 आहे, ती आधीच असेल तर हा प्रश्न येत नाही.

यंत्रही जुने घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. पीएसपी गो या मॉडेलला डिस्कची जागाच नाही, आणि सोनीने पीएसपीवरची ऑनलाइन खरेदी 2 जुलै 2021 रोजी बंद केली, तेव्हा गो घेऊन आयात डिस्क खेळण्याचा बेत फसतो. नंतर स्वस्तात काढलेल्या ई-1000ला वाय-फाय नाही. एकट्याने खेळता येईल, चौघांनी मिळून नाही. तिसरी गोष्ट बॅटरी. पाठीमागचे झाकण नीट बसत नसेल, मधे उंचावले असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. ती दाबून बसवू नका, चार्ज करू नका, काढून ई-कचऱ्यात द्या. सुटी लिथियम बॅटरी टपालाने पाठवण्यावर बंधने आहेत, त्यामुळे ती इथेच शोधावी लागेल. जपानहून यंत्रासोबत चार्जर आला असेल तर त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय भिंतीत घालू नका. जपानमध्ये घरात 100 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. ‘100-240’ लिहिले असेल तर पिनेचा अडॅप्टर लावून चालेल. नुसते ‘100’ असेल तर तो चार्जर बाजूला ठेवून द्या.

आता बटणे. जपानी गेमशी पहिली झटापट होते ती इथे. आपल्याला सवय फुलीने होकार आणि गोलाने नकार देण्याची. जपानी पीएसपी गेममध्ये उलटे : गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक, जपानमध्ये शाळेच्या वहीतही बरोबर उत्तराला गोलच करतात. (2020 मध्ये पीएसफाइव्ह आला तेव्हा सोनीने जपानमध्येही फुलीलाच होकार केले. जुन्या खेळाडूंनी कपाळाला हात लावला.) गोंधळ वाढतो तो होम बटणामुळे. गेमच्या आत नियम गेमचा, पण होम दाबल्यावर ‘बाहेर पडायचे का’ असे विचारणारी पाटी यंत्राची असते, आणि भारतात किंवा अमेरिकेत विकलेल्या यंत्रावर तिथे फुलीच होकार राहते. म्हणून पहिल्या संध्याकाळी घाईघाईत काही विकू नका, काही पुसू नका. बोटांना उलट सवय लागू द्या. लवकर लागते.

पीएसपीला डावीकडे अंगठ्याची एकच सरकती घुंडी आहे. ती चालायला वापरली की कॅमेरा फिरवायला उरते चौफुलीचे बटण, तेही डावीकडेच. म्हणून मॉन्स्टर हंटर मालिकेचे खेळाडू यंत्र एका चमत्कारिक पद्धतीने धरतात. डावा अंगठा घुंडीवर ठेवायचा, तर्जनी वरून वाकवून चौफुलीवर टेकवायची आणि एल बटणाला मधले बोट लावायचे. पहिले काही दिवस हात दुखतो. दुखणे वाढले तर सोडून द्या. एल बटण टिचकीसरशी कॅमेरा तुमच्या पाठीमागे आणते, आणि तेवढ्यावरही बराच काळ निभते. हत्यार म्यान असताना चौकोन वस्तू वापरतो, गोल वेचतो, त्रिकोण हत्यार उपसतो, आर धरल्यावर पळता येते. एल दाबून धरून चौकोन किंवा गोल दाबला की वस्तूंची पट्टी पुढेमागे सरकते. हत्यार हातात असले की मात्र चौकोन ते म्यान करतो. औषध प्यायच्या आधी म्यान करायचे असते हे विसरून नवशिके अस्वलासमोर उभे राहून बटण दाबत बसतात, आणि अस्वल काही थांबत नाही.

आता भाषा. जपानीत तीन लिप्या एकत्र नांदतात. त्यातली काताकाना तेवढी आधी शिका. तिची मूळ अक्षरे 46, आणि मराठी माणसाला ती इतरांपेक्षा लवकर का येते याचे कारण तक्त्यातच दिसते. उभ्या ओळी अ, इ, उ, ए, ओ. आडव्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या वर्णमालेचा सांगाडा ओळखू येईल. जपानी बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा जो अभ्यास केला त्यातून ही मांडणी आली, असे अभ्यासक सांगतात. प्रत्येक अक्षर म्हणजे बाराखडीतले एक तयार घर, काना-मात्रा वेगळी लागत नाही. डोक्यावर दोन टिंब्या दिल्या की क चा ग होतो, त चा द, ह चा ब. बारीक वर्तुळ दिले की ह चा प. आडवी रेघ आली की आधीचा स्वर लांबवा. बारीक ‘त्सु’ आला की पुढचे व्यंजन जोडाक्षरासारखे दुप्पट करा. सर्वांत फसवणारी जोडी ‘शि’ आणि ‘त्सु’ : दोन्हींत दोन टिकल्या आणि एक फटकारा. टिकल्या एकाखाली एक असतील आणि फटकारा खालून वर जात असेल तर शि. टिकल्या शेजारी शेजारी आणि फटकारा वरून खाली, तर त्सु. ‘न्’ आणि ‘सो’ यांनाही हाच नियम लावा, फक्त टिकली एक.

काताकानाचा हट्ट अशासाठी की गेमचा निम्मा मेनू मुळात इंग्रजी शब्दांचा आहे. मोठ्याने वाचा, कान ओळखतो. ‘आइतेमु बोक्कुसु’ म्हणजे आयटम बॉक्स. ‘कुएसुतो’ म्हणजे क्वेस्ट, ‘सेएबु’ म्हणजे सेव्ह, ‘हन्मा’ म्हणजे हॅमर, ‘सुराश्शु आक्कुसु’ म्हणजे स्लॅश अ‍ॅक्स. ल नाही, सगळे र वर भागवतात. इंग्रजी ‘व्ही’ जवळजवळ नाही, तिथे ब येतो. प्राण्यांची नावेही याच लिपीत : आओआशिरा, जिन्ओउगा, तिगारेक्कुसु. वही करा आणि उच्चार देवनागरीतच लिहा. रोमनपेक्षा जपानी उच्चार आपल्या लिपीत नेमके बसतात. शेजारी दुसरा रकाना ठेवा, इंग्रजी नावाचा. कारण परदेशी मार्गदर्शिकांत जिन्ओउगाला झिनोग्रे म्हणतात, आओआशिराला आर्झुरोस, रिओरेउसुला रॅथालोस. हा रकाना नसेल तर इंग्रजी माहिती समोर असूनही शोध लागत नाही.

मग येते ती चित्रलिपी, कांजी. ती शिकायला बसू नका. आठ-दहा आकृत्या चेहऱ्याने ओळखायला आल्या की काम भागते, आणि सर्वांत मोलाच्या आकृत्या क्वेस्टच्या पाटीवर असतात. काउंटरवरच्या बाईशी बोललात की यादी उघडते. एकेका क्वेस्टचे उद्दिष्ट एका ओळीत लिहिलेले असते. त्या ओळीची बांधणी बहुधा तीच : आधी काताकानात प्राण्याचे नाव, मग आकडा, मग प्राणी मोजण्याचे एक चिन्ह, मग एक छोटे जोडणारे अक्षर ‘नो’, आणि शेवटी दोन कांजी. त्या शेवटच्या दोघांकडे बघा. दोन्हींच्या डाव्या बाजूला एकच वाकडी, तीन रेघांची, शेपटीसारखी खूण असेल तर ‘शुर्यो’, शिकार. मारा किंवा पकडा, दोन्ही चालते. ती खूण फक्त दुसऱ्यालाच असेल आणि पहिल्याला निराळी असेल तर ‘होकाकु’, म्हणजे जिवंत पकडायचे. इथे प्राणी मेला की क्वेस्ट बुडाली. आणि शेवटचे अक्षर म्हणजे दोनांवर एक असे तीन चौकोन असतील तर ‘नोउहिन्’, सामान गोळा करून पोचवायचे. पाटीवर मुदत मिनिटांत असते, बहुधा 50, आणि बक्षिसाच्या रकमेपुढे रोमन झेड असतो. तीनदा बेशुद्ध पडलात की खेळ संपला. एवढे वाचता आले की क्वेस्ट डोळे मिटून घ्यायची वेळ येत नाही.

दुकानात आणि पेट्यांत आणखी दोन खुणा. ‘हाइ’ म्हणजे हो, त्यात दोन अक्षरे. ‘इइए’ म्हणजे नाही, त्यात तीन. दोन म्हणजे हो, तीन म्हणजे नाही. विकत घेणे आणि विकणे हे दोन्ही शब्द कांजीने सुरू होतात, पण विकण्याच्या शेवटी जे अक्षर आहे ते इंग्रजी तीनसारखे, खाली गाठ मारलेले. ते दिसले की गोल बटणावरून अंगठा उचला.

हत्यारे बारा आहेत, आणि आवड काहीही असो, सुरुवातीला वाचायला लावणारी हत्यारे टाळा. हंटिंग हॉर्न हे वाद्य आहे. सुरांच्या जुळणीतून गाणी निघतात, त्यांची यादी वाचावी लागते. दोन्ही बोगन घेतल्या तर गोळ्यांच्या नावांचे जंगल. लांब तलवार, मोठी तलवार, हातोडा ही हत्यारे त्रिकोण आणि गोल यांच्या भरवशावर शिकता येतात. माझे मत ढाल-तलवारीला. मारा कमी, पण उपसलेली असतानाही वस्तू वापरता येते, आणि मेनूत चाचपडणाऱ्याला ती सवलत फार मोठी.

गेममधले पुष्कळ काही आकडे आणि रंगच सांगतात. हत्याराच्या धारेची खूण लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी अशी चढत जाते. ती उतरली की दगडावर घासा. लोहाराकडे प्रत्येक सामग्रीपुढे तुमच्याकडे किती आणि हवे किती हे आकड्यात असते. नकाशाचे विभाग क्रमांकांचे. चिलखतांचे कौशल्य मात्र नवख्याला चकवते. प्रत्येक तुकडा एखाद्या कौशल्याला काही गुण देतो आणि त्या गुणांची बेरीज 10 झाल्याशिवाय कौशल्य जागेच होत नाही. 9 गुण म्हणजे शून्य. उणे 10 झाले तर उलटे, दुर्गुण चिकटतो. म्हणून गुणांच्या पडद्यावर नावे कळली नाहीत तरी 10 आणि त्यावरचे आकडे शोधा, आणि उणे चिन्ह दिसले की तो तुकडा बदला.

प्राण्यांना जीवमापक पट्टी नसते, कुठल्याच भाषेत नसते. त्याच्याकडे बघत राहा. लंगडत दुसऱ्या विभागाकडे निघाला म्हणजे थकला. थोड्या वेळाने आपल्या गुहेत जाऊन झोपेल. तिथे सापळा लावा, त्यात अडकला की गुंगीचे दोन गोळे फेका. एक पुरत नाही, नेहमी दोन. पकडणे मारण्यापेक्षा झटपट आटोपते, आणि सुरुवातीला औषधे कमी असतात तेव्हा हाच शहाणपणा. औषध स्वतःही करता येते : याकुसो नावाची वनस्पती आणि आओकिनोको हे निळे अळंबे एकत्र केले की साधे औषध, त्यात हाचिमित्सु, म्हणजे मध, घातला की जोरदार. म्हणून वाटेत मधाचे पोळे दिसले की लढाई बाजूला ठेवून आधी मध काढा. निघण्याआधी गावच्या झऱ्यात डुंबून वर एक पेय प्यायला विसरू नका. ती नुसती मौज नाही, त्याने जीव किंवा दम वाढतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करता येते, पण पीएसपीचा पडदा 480 बाय 272 ठिपक्यांचा. गिचमिड कांजी त्यावर ठिपक्यांतच विरघळते. दिव्याचे प्रतिबिंब पडणार नाही असे धरा, एक ओळ पूर्ण पडदाभर येईल इतके जवळ जा आणि प्राण्यांच्या नावांचे भाषांतर आले तर दुर्लक्ष करा. काताकाना नावे ते यंत्र भलत्याच कशात तरी बसवते. शब्द शोधायला वेळ हवा असेल तर पॉवरची कळ एकदा वर सरकवून सोडा. यंत्र झोपते, पुन्हा सरकवली की नेमके तिथूनच सुरू. घरातल्या खाटेवर सेव्ह करता येते आणि क्वेस्ट संपल्यावरही गेम विचारतो. तिथे दोन अक्षरांचे उत्तर द्या. मेमरी स्टिक जुनी असेल तर सेव्हची प्रत अधूनमधून संगणकावर काढून ठेवा. ही कार्डे आता म्हातारी झाली आहेत.

जपानी शिकणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला सोबत घ्या. पुण्यामुंबईत जपानी भाषेची परीक्षा देणारी मुले भरपूर आहेत आणि त्यांना कांजीचा सराव हवाच असतो. त्याच्याही हातात हीच जपानी डिस्क आणि वाय-फाय असलेला पीएसपी असेल तर एका खोलीत बसून चौघांपर्यंत मिळून शिकार करता येते. त्यासाठी गावच्या काउंटरऐवजी सभागृहातल्या स्नानगृहाच्या काउंटरवर जायचे. तिथल्या क्वेस्ट एकट्याला जड जातात, तेव्हा आधी गावच्या संपवा. आणि जिन्ओउगाची क्वेस्ट उघडली की ढालीवर विसंबू नका. तो पाठीवर वीज साठवत थांबतो तेव्हाच चढाई करा. पूर्ण भारला की काही वेळ नुसते पळत राहणे चांगले.